शेकरू, कारवी आणि डार्विन : नेरळच्या डोंगरांतून नैसर्गिक निवडीकडे

आजचा धागा लांबणार आहे. विषय जगभरचा असला, तरी आपण तो नेरळ-कर्जतच्या मुलखातून पाहू. या डोंगरांना तो कळण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी सामग्री आहे.

१८३१ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षाच्या २७ डिसेंबरला ‘बीगल’ हे जहाज इंग्लंडचा किनारा सोडून निघाले आणि त्यावर २२ वर्षांचा चार्ल्स डार्विन होता. ही तारीख अनेकांना पाठ असते. त्याच वर्षी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनमधील सस्तन प्राण्यांची एक यादी मांडली गेली होती. ती मात्र आपल्याकडे फारशी कोणी वाचत नाही.

यादीचा कर्ता विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई लष्करातील अधिकारी. १८२४ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले गेले. गावे, पिके, माणसे, सारा यांची मोजदाद करता करता हा गृहस्थ पशुपक्षीही टिपत गेला. रानकुत्र्याला त्याने ‘दख्खनचा’ म्हणून शास्त्रीय नाव दिले आणि मराठे त्याला कोळसून म्हणतात, हेही नोंदवले. सह्याद्रीतील मोठ्या झाडखारीला त्याने आपल्या गव्हर्नरसाहेबांचे नाव देऊन टाकले : ‘स्क्युरस एल्फिन्स्टोनी’. हीच आपली शेकरू, आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी.

नेरळहून पूर्वेला सह्याद्रीची जी भिंत दिसते, तिच्या माथ्यावर भीमाशंकरचे रान आहे. १९८५ मध्ये तेथे अभयारण्य झाले ते प्रामुख्याने शेकरूसाठी. पश्चिमेला माथेरान, तेथील झाडीतही शेकरू आढळते. मधल्या सखल भागात भातखाचरे, उल्हास नदी आणि रेल्वे.

आता गंमत पाहा. या खारीला १७७७ मध्येच एर्क्सलेबेन या जर्मन निसर्गअभ्यासकाने ‘इंडिका’ हे नाव दिलेले होते. मग साइक्सने पाहिली ती वेगळी जात होती की तीच? इकडची शेकरू तपकिरी-तांबूस. मलबारकडे गेलात तर पाठीवर काळा रंग भरतो. डांगच्या जंगलात एके काळी फिकट, पांढुरकी शेकरू होती. ती आता बहुधा उरलेली नाही. या साऱ्यांना आज शास्त्रज्ञ एकाच जातीच्या उपजाती मानतात, आणि साइक्सची खार स्वतंत्र उपजात धरावी की नाही, यावरही एकमत नाही.

वरवर पाहता हा नावांचा घोळ आहे. पण एकोणिसाव्या शतकातील जीवशास्त्राचा सर्वांत मोठा प्रश्न नेमका या घोळात दडलेला होता.

त्या काळचा रूढ समज असा की प्रत्येक जात स्वतंत्रपणे निर्माण झाली आणि निर्माण झाली तशीच राहिली. जातीला एक ‘साचा’ असतो. त्यातून थोडे इकडेतिकडे झालेले प्राणी म्हणजे किरकोळ बिघाड. हे खरे असते, तर जात कोठे संपते आणि उपजात कोठे सुरू होते, हे सांगणे सोपे हवे होते. प्रत्यक्षात जितके नमुने गोळा होत गेले, तितके ते अवघड होत गेले. साइक्ससारख्या हौशी संग्राहकांनी कपाटे भरली आणि त्या कपाटांतच जुना समज गुदमरू लागला.

डार्विनने आपल्या ग्रंथाचे दुसरे प्रकरण याच संशयास्पद जातींवर खर्च केले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : सीमारेषा सापडत नाही, कारण ती मुळात पक्की नाहीच. उपजात ही घडू लागलेली जात आहे. साच्यापासूनचे जे विचलन इतरांना कचरा वाटत होते, ते त्याच्या दृष्टीने कच्चा माल होते.

पण घडते कशी? येथे एका अर्थशास्त्रज्ञाचा प्रवेश होतो आणि त्याचा आपल्या इतिहासाशी थेट संबंध आहे. थॉमस माल्थस १८०५ पासून १८३४ मध्ये मृत्यू होईपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी येथील कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवत होता. हिंदुस्थानात येणारे कंपनीचे मुलकी अधिकारी तेथे तयार होत. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, हा त्याचा सिद्धान्त. दुष्काळातील सरकारी कोरडेपणामागे या शिकवणीचा वाटा किती, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

१८३८ च्या शरद ऋतूत डार्विनने माल्थसचा ग्रंथ वाचला आणि माणसांविषयीचा तो युक्तिवाद त्याने साऱ्या जीवसृष्टीला लावून पाहिला. जन्मतात फार, जगतात थोडे. मग जगणारे कोण? जन्मलेले सारे एकसारखे असते, तर उत्तर ‘नशीबवान’ एवढेच झाले असते. पण ते एकसारखे नसतात.

आता तत्त्व नीट समजून घेऊ. त्यासाठी गॅलापागोसच्या फिंच पक्ष्यांपर्यंत जाण्याची गरज नाही; नेरळच्या भातशेतात उतरले तरी पुरे.

कोकणात खाचरांच्या कडेला, पाणथळीत एक रानटी भात उगवतो. त्याला देवभात म्हणतात. त्याचा दाणा पिकला की आपोआप गळून पडतो. रानात राहायचे तर हेच सोयीचे. बी मातीत पडले तरच पुढची पिढी. आता हजारो वर्षांपूर्वी कोणी माणूस अशा गवतातून दाणे गोळा करत असेल, असे समजा. गळून गेलेला दाणा त्याच्या टोपलीत येणार नाही. काही मोजक्या रोपांचा दाणा लोंबीला जरा घट्ट धरून राहत असेल. टोपलीत तोच जास्त येईल, आणि पुढल्या वर्षी पेरला जाईल तोही तोच. असे पिढ्यान्‌पिढ्या झाले आणि न गळणारा भात तयार झाला. कोणी तसा बेत आखला असेलच असे नाही.

हीच कृत्रिम निवड. आज कर्जतच्या संशोधन केंद्रातून ‘कर्जत-३’ किंवा ‘कर्जत-७’ यांसारखे वाण निघतात, तेव्हा हेच काम जाणीवपूर्वक आणि झपाट्याने केलेले असते. डार्विनने आपला ग्रंथ पाळीव प्राण्यांपासून आणि लागवडीच्या वनस्पतींपासून सुरू केला, तो याचसाठी. शेतकरी आणि कबुतरे पाळणारे जे करतात ते वाचकाला आधी पटवायचे आणि मग विचारायचे : निवडणारा हात काढून घेतला तर काय उरते?

उरते ती परिस्थिती. एकाच रोपाचा घट्ट दाणा शेतात गुण ठरतो आणि रानात दोष. गुण आणि दोष त्या दाण्यात लिहिलेले नसतात. तो कोठे वाढतो यावर ते ठरतात. नैसर्गिक निवडीविषयी एवढे एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर मी हेच सांगेन.

दुसरे उदाहरण कारवीचे. माथेरानच्या उतारांवर कारवीची दाट जाळी आहे. ठाकर आणि कातकरी तिच्या काठ्या घराच्या कुडांना वापरतात. ही झुडपे सात-आठ वर्षे नुसती वाढतात आणि मग एका वर्षी डोंगरच्या डोंगर एकदम जांभळा होतो. बी धरते आणि झाडे मरतात. एवढी वर्षे थांबून सर्वांनी एकाच वेळी फुलण्यात लाभ कोणता?

जास्त मान्य असलेले स्पष्टीकरण असे. बी खाणारे किडे, उंदीर, पाखरे दर वर्षी असतातच. भलत्याच वर्षी एकट्याने फुललेल्या झुडपाचे बी ते फस्त करतात. पण सारा डोंगर एकदम फुलला तर खाणारे तृप्त होऊनही बी उरते. म्हणजे ‘वेळ चुकवणाऱ्या’ झुडपांची संतती पुढे जात नाही, आणि वेळ पाळण्याची प्रवृत्ती वंशात टिकते. कारवीला वर्षे मोजण्याचे भान असण्याची गरज नाही. चुकणारे गळाले की उरलेले आपोआप ‘शहाणे’ दिसतात.

म्हणजे लागते काय? एका जातीच्या जीवांत फरक असणे. त्यांतले काही फरक आईबापांकडून मुलांकडे जाणे. जगू शकतील त्याहून अधिक जीव जन्मणे. आणि त्या फरकांमुळे काहींना अधिक संतती होणे. एवढे असले की बदल टाळता येत नाही. यात कोणी नियंता लागत नाही, हेतू लागत नाही, ‘प्रगती’ तर मुळीच लागत नाही. यंत्र इतके साधे आहे की ते आधी कोणाला कसे सुचले नाही, याचेच आश्चर्य वाटते.

लागतो तो मात्र वेळ. आणि वेळ किती लागतो याची कल्पना येण्यासाठी नेरळहून माथेरानकडे पाहावे. १९०७ पासून धावणाऱ्या छोट्या गाडीच्या वळणांवर कडा जवळून दिसतो : एकावर एक रचलेले काळ्या खडकाचे थर, मध्येच कोठे तांबड्या मातीची रेघ. प्रत्येक थर हा लाव्हाचा एक लोट. तांबडी रेघ म्हणजे दोन लोटांमधला निवांत काळ, ज्यात खडक झिजून माती झाली. हे सारे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे.

असाच एक निवांत काळ मुंबईत वरळीला सापडला. लाव्हाच्या दोन थरांमधल्या जुन्या तळ्याच्या गाळात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म होते. १८४७ मध्ये त्यांचे वर्णन करून नामकरण केले ते रिचर्ड ओवेनने. हा ओवेन इंग्लंडमधला त्या काळचा सर्वश्रेष्ठ शरीररचनातज्ज्ञ आणि पुढे डार्विनचा कट्टर विरोधक. १८६० मध्ये डार्विनच्या ग्रंथावर त्याने निनावी, बोचरे परीक्षण लिहिले. पुरावा हाताळणारा माणूस त्याचा अर्थ लावणारा असेलच असे नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने या बेडकापासून शिकावे.

हिंदुस्थानातून डार्विनपर्यंत आणखी बरेच काही पोहोचत होते. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ हा अल्प पगारात राबणारा, अफाट माहितीचा माणूस. त्याची डार्विनला लांबच लांब पत्रे जात. दुसरा वॉल्टर एलियट. त्याने १८३९ मध्ये ‘दक्षिण मराठा देशा’तील, म्हणजे धारवाड-बेळगावकडच्या सस्तन प्राण्यांची यादी छापली होती. १८५६ च्या जानेवारीत डार्विनने त्याला पत्र लिहून हिंदुस्थानातील पाळीव कबुतरे आणि कोंबड्या यांची कातडी मागवली, आणि एलियटने ती पाठवलीही.

कोंबड्यांचे प्रकरण आपल्यासाठी खास आहे. जगातील सर्व पाळीव कोंबड्या लाल रानकोंबड्यापासून झाल्या, हे ब्लिथचे मत डार्विनने स्वीकारले. सह्याद्रीत दिसतो तो करडा रानकोंबडा मात्र त्याने पूर्वजांच्या यादीतून वगळला. २००८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे जनुक या करड्या रानकोंबड्याकडून आलेले आहे. मुख्य पूर्वज लालच. पण भीमाशंकरच्या रानात पहाटे आरवणाऱ्याचाही थोडा वाटा जगभरच्या खुराड्यांत आहे. दीडशे वर्षांनी डार्विनच्या निष्कर्षात अशी दुरुस्ती होते आणि त्याने सिद्धान्ताचे काहीच बिघडत नाही. शास्त्र आणि पोथी यांतला हा फरक.

१८५५ च्या डिसेंबरात ब्लिथने एका पत्रात डार्विनचे लक्ष एका निबंधाकडे वेधले. लेखक होता मलाय बेटांवर कीटक आणि पक्षी गोळा करून पोट भरणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस. डार्विनने तेव्हा ते फारसे मनावर घेतले नाही. १८५८ च्या जूनमध्ये त्याच वॉलेसचे पाकीट त्याच्या हाती पडले आणि आत नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त होता. डार्विनने १८४२ मध्ये आराखडा आणि १८४४ मध्ये विस्तृत निबंध लिहून टेबलाच्या खणात ठेवला होता. दुसरा माणूस स्वतंत्रपणे तेथेच पोहोचला होता, तोही माल्थसच्याच आठवणीने.

१ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. दोघेही हजर नव्हते. वॉलेस हजारो मैलांवर होता आणि डार्विनचे तान्हे मूल तीनच दिवसांपूर्वी गेले होते. सोसायटीच्या अध्यक्षांनी पुढे वार्षिक भाषणात सांगितले की सरत्या वर्षात क्रांतिकारक म्हणावे असे काही शोध लागले नाहीत! २४ नोव्हेंबर १८५९ ला ग्रंथ आला, पहिल्या आवृत्तीच्या प्रती १,२५०.

त्या ग्रंथात एक मोठे भगदाड होते. गुण पुढच्या पिढीत नेमके कसे जातात, हे डार्विनला ठाऊक नव्हते. मेंडेलचे वाटाण्यांवरील काम १८६६ मध्ये छापले गेले, पण १९०० पर्यंत ते धूळ खात पडले. पुढे दोहोंची गणिती सांगड घालणाऱ्यांपैकी जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले.

आता ज्या भागासाठी हा धागा लिहायला घेतला, त्याकडे येतो.

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढला आणि इंग्रजांनी डोंगराचा ‘शोध’ लागल्याचे जाहीर केले. धनगर, ठाकर, कातकरी तेथे कधीचेच होते. १८७१ मध्ये जे. वाय. स्मिथ यांचे एक पुस्तक निघाले. त्याच्या नावाचे मराठी होईल, ‘माथेरानचा डोंगर : तेथील माणसे, वनस्पती आणि प्राणी’. शीर्षकातला क्रम पुन्हा वाचा. डोंगरावरची माणसे तेथील झाडांच्या आणि जनावरांच्या शेजारी, एकाच यादीत. पाहुणा म्हणून आलेला साहेब त्या यादीत नसतो. तो यादी करणारा असतो.

त्याच १८७१ मध्ये डार्विनचा मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथ आला आणि त्याच वर्षी संपूर्ण जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा हिंदुस्थानात झाला. या तिघांत कार्यकारणाचा धागा ओढण्याचा मोह होतो, तो आवरावा; कायद्यामागे महसूल, पोलीस आणि भटक्यांविषयीचा जुना संशय होता. पण काळाची हवा एकच होती.

‘सर्वांत लायक तोच टिकतो’ ही घोषणा मूळ डार्विनची नव्हे. ती हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये काढली. डार्विनने १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत ती उचलली, आणि माझ्या मते ती त्याची सर्वांत महागात पडलेली उसनवारी. ‘लायक’ म्हटले की श्रेष्ठ-कनिष्ठ आलेच. भाताचा दाणा आठवा : लायक, पण कशासाठी आणि कोठे?

डार्विन स्वतः या हवेपासून मुक्त नव्हता. ‘रानटी’ माणसांविषयीची त्याची काही विधाने आज वाचवत नाहीत. तरीही त्याच ग्रंथात तो असे मांडतो की मानववंश एकमेकांत इतके मिसळत जातात की त्यांच्यात रेघ ओढता येत नाही. सारी माणसे एकच जात आहेत. हे त्याच्या सिद्धान्ताशी सुसंगत होते. ज्याला शेकरूचाही पक्का साचा सापडत नाही, तो ‘गुन्हेगार जमाती’चा साचा कोठून आणणार? जन्मजात, न बदलणाऱ्या प्रकारांची कल्पना हीच तर नैसर्गिक निवडीने मोडीत काढली. तिच्या नावाने ती पुन्हा उभी केली गेली, हा विज्ञानाच्या इतिहासातला विपर्यास आहे.

मराठीत हा विचार आला तेव्हा त्याला आपलीही एक अडचण चिकटली, शब्दाची. ‘उत्क्रांती’ हा संस्कृतात जुना शब्द. त्याचा एक अर्थ प्राणाने देह सोडून जाणे. नव्या अर्थाने तो रुळला, पण ‘उत्’ने आपले काम केलेच : काहीतरी वर चढत आहे, खाली किडा आणि शिखरावर आपण. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) डार्विन आणि हेकेल यांची चर्चा केली ती सांख्यांच्या प्रकृतिविस्ताराशेजारी ठेवून. विद्वत्तेच्या दृष्टीने ती वाचण्याजोगी आहे. मात्र सांख्यांच्या क्रमाला एक ठरलेली वाट आहे आणि नैसर्गिक निवडीला ती नाही. खुद्द डार्विनच्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम नाहीच. तो ‘बदलांसह वंशानुक्रम’ अशा अर्थाचे शब्द वापरतो. त्यात शिडी नाही, फांद्या आहेत.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि नागरिकांनी त्याविरुद्ध सही केली. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे, पण तेथपर्यंत जीवशास्त्र घेऊन पोहोचणारी मुले किती? महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचे पहिलेच प्रकरण मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असे आहे. म्हणजे नेरळसारख्या एकाच गावात राहणारी, एकाच डोंगराकडे पाहणारी दोन मुले घ्या. राज्य मंडळाच्या मराठी शाळेतल्या मुलीला डार्विन दहावीत भेटतो. केंद्रीय मंडळाच्या शाळेतल्या मुलाने अकरावीला वाणिज्य घेतले, तर वर्गात तो त्याला भेटणारच नाही.